एचडब्ल्यू ४५ की एचडब्ल्यू ७५? शेतातल्या आखाड्यावर रविवारी नेम धरायला कोणतं एअर पिस्तूल घ्यावं?

काळी_माती (परभणी)

आखाड्यावरचा जुना गोठा रिकामा पडलाय. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजला, दहा मीटरचं अंतर आरामात बसतं. पॅरिस २०२४ ला मनू भाकरनं दोन कांस्यपदकं घेतली, आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये एक घेतलं, तेव्हा घरातल्या पोरांना नेमबाजीचं वेड लागलं. पोरांचं उतरलं, माझं उतरंना. स्पर्धा खेळायची नाही. ऊन चढायच्या आत कागदावर शे-दीडशे छर्रे मारायचे, चहा घ्यायचा, पाणी द्यायला जायचं, एवढीच हौस.

दोन मॉडेलांवर अडकलोय. दोन्ही जर्मनीच्या वायराउख कंपनीची, दोन्ही ४.५ मिमी, दोन्हीचा वरचा भाग उचलून भरायचा, वजन दोन्हीचं किलोच्या थोडं वर आणि दिसायला सख्खी भावंडं. ४५ स्प्रिंगवर चालतं. ७५ मध्ये एका दाबात हवा भरते. वेग ४५ चा सेकंदाला साधारण १७० मीटर, ७५ चा १२५ च्या आसपास. मला सांगितलेल्या भावात फरक आहे, पण तेवढ्यावर ठरवावं इतका नाही. दुकानदार म्हणतो, "वेग जास्त तिथं मजा जास्त, डोळे झाकून ४५ घ्या."

वापरलेल्यांनी सांगा. तिसरं मॉडेल कृपा करून सुचवू नका, आधीच डोकं फिरलंय.

ढालेगाव_बंधारा

दुकानदारानं या वेळी खरं सांगितलं. ४५ घ्या.

एक तर त्याच्यात दोन जोर मिळतात. वरचा भाग पहिल्या खटक्यापर्यंतच उचलला की कमी, पूर्ण उचलला की पूर्ण. दुसरं, आपण राहतो कुठं ते बगा. आखाड्यावर धूळ, भुसा, उंदीर. स्प्रिंगचं पिस्तूल असल्या जागी टिकतं. स्प्रिंग दमली तर बदलली, पिस्टनचं सील गेलं तर बदललं, काम संपलं. तुमच्या ७५ चा सगळा जीव हवा धरून ठेवणाऱ्या सीलमध्ये. ते जरा झिजलं की छर्रा नळीतून निघंल का नाही हेच सांगता येत नाही, मग पुण्या-मुंबईला कुरिअर आणि महिनाभर वाट. आणि तिसरं, झाडल्यावर हाताला कळलं पाहिजे ना काहीतरी झालं म्हणून! ७५ नुसतं फुस्स करतं.

नेम_नियम (लातूर)

बंधारा दादा, हाताला जे "कळतं" म्हणताय तीच तर अडचण आहे. मी शाळेत क्रीडा शिक्षिका आहे, पोरांना एअर पिस्तूल शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

स्प्रिंगच्या पिस्तुलात घोडा दाबला की जड पिस्टन सुटतो, पुढची हवा दाबतो आणि टोकाला जाऊन थांबतो. हे सगळं छर्रा नळीच्या बाहेर पडायच्या आत सुरू झालेलं असतं. म्हणजे छर्रा अजून नळीत आणि पिस्तूल हलायला लागलेलं. आता हे हलणं दर वेळी सारखं व्हायला तुमची मूठ दर वेळी सारखी हवी. पकड जरा आवळली की भोक सरकलं, जरा सैल पडली की भोक दुसरीकडं. नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत अगदी बरोबर होती, तरीही.

७५ मध्ये हवा आधीच दाबून बसलेली असते. घोडा दाबल्यावर फक्त झडप उघडते, जड काही धावत नाही. धक्का जवळजवळ नाही. भोक डावीकडं गेलं तर घोडा तुम्ही ओढला, खाली गेलं तर मनगट पडलं. कागद खरं बोलतो. नव्या माणसाला हेच हवं असतं. ४५ वर नवा माणूस कागदाकडं बघत बसतो आणि चूक आपली का पिस्तुलाची हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

वेगाचं म्हणाल तर कागदाला काय फरक पडतो? दहा मीटरवर हळू छर्रा एखाद-दोन सेंटिमीटर जास्त खाली बसेल. मागच्या खाचेचा स्क्रू फिरवला की विषय मिटला. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं आणि छर्रा ४.५ मिमीचा. तिथं जोर लागत नाही, स्थिरपणा लागतो.

ढालेगाव_बंधारा

ताई, तुमचं शाळेतल्या पोरांसाठी बरोबर आहे. त्यांना जिल्हा, विभाग, राज्य असं वर चढायचंय. लातूरला बहुतेक हौसेचीसुद्धा टेस्ट सिरीज लावतात! काळी_माती भाऊंना कुठं गुण पाहिजेत? त्यांनी सोड्याची झाकणं टांगून उडवली तरी रविवार कारणी लागला. आणि जो माणूस धक्क्याच्या पिस्तुलावर मूठ बसवतो तो पुढं कुठलंही पिस्तूल धरू शकतो. उलटं होत नाही.

नेम_नियम (लातूर)

झाकणं उडवायची असतील तर ४५ घ्या, माझी तक्रार नाही. पण त्यांनी स्वतः "कागदावर" असं लिहिलंय. मूठ बसवण्याचं म्हणाल तर ती सरावानं बसते, आणि सराव उपयोगी पडायला चूक दिसावी लागते. टोकियोला मनूच्या पिस्तुलात पात्रता फेरीतच बिघाड झाला आणि वेळ गेला. इतक्या वरच्या खेळाडूलासुद्धा हत्याराचा दोष मूठ बसवून भरून काढता आला नाही. आपण तर आखाड्यावरची माणसं.

सिद्धेश्वर_कॅनॉल (हिंगोली)

नियम मोडून तिसरं सुचवतो. कार्बन डायऑक्साइडची कॅप्सुल टाकायची, उचल-दाब काहीच नाही, भरायचं आणि मारायचं. ते का नको?

काळी_माती (परभणी)

नको म्हणलं ना दादा. पण विचारलंच तर कोणीतरी उत्तर द्या.

गोदातीर (नांदेड)

उत्तर आपल्याकडच्या उन्हात आहे. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहतच नाही. २० अंशाला कॅप्सुलमध्ये ५७ बारच्या आसपास दाब असतो, एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली तो कुठल्या कुठं जातो. भरलेली कॅप्सुल तापली की झडप उघडायला आतल्या हातोडीचा जोर कमी पडतो, आणि डिसेंबरच्या पहाटे उलट दाबच उतरतो. म्हणजे नेम दर ऋतूला नव्याने लावा. वर १२ ग्रॅमच्या कॅप्सुला मागवत बसा. परभणीच्या गोठ्यात हा धंदा करू नये.

मुद्द्याचं. मी ७५ वापरतो आणि ताईंच्या बाजूचा आहे, पण एक गोष्ट कोणी सांगायली नाही. वरचा भाग ४५ ला उचलताना ताकद लागते, ७५ ला उचललेला परत मिटवताना. हवा शेवटी शेवटी दबते, त्यामुळं मिटवायच्या अखेरच्या टप्प्यात पिस्तूल चांगलंच विरोध करतं. "शे-दीडशे छर्रे" हे विसरा. चाळीसच्या पुढं मनगट थरथरायला लागतं आणि मग कोणतंही मॉडेल असो, कागदावर चाळणी होते. स्पर्धेतसुद्धा ७५ मिनिटांत ६० च मारायचे असतात, आणि त्यांच्या पिस्तुलाला सिलिंडरमधली हवा असते, दर वेळी हातानं दाबावी लागत नाही.

सीलबद्दल बंधारा दादांनी जरा वाढवून सांगितलं. हवा भरून पिस्तूल तसंच ठेवून चहाला जाऊ नका, वरचेवर सिलिकॉन तेलाचा थेंब द्या, सील वर्षानुवर्षं चालतं.

ढालेगाव_बंधारा

चला, "थेंब द्या" पर्यंत आलात. म्हणजे नाजूक आहे हे मान्य.

गोदातीर (नांदेड)

तेल ४५ च्याही मुळावर येतं. आपल्याकडं ज्याला त्याला शिलाई मशीनचं तेल सोडायची सवय. स्प्रिंगच्या पिस्तुलात ते पिस्टनच्या पुढच्या हवेत गेलं की दाबानं पेटतं. मोठा आवाज, धूर, आणि माणूस खूश की काय जोर वाढला! सील तिथंच करपतं. शिवाय स्प्रिंगचं पिस्तूल छर्रा न घालता झाडायचं नाही. पुढं अडवायला काही नसलं की पिस्टन जाऊन आपटतो. पाहुणे आले की "बघू बघू" म्हणत पहिलं हेच करतात.

बालाघाट (बीड)

पोलीस खात्यातून निवृत्त आहे. मॉडेलाचं तुमचं चालू द्या, कायद्याचं मी सांगतो.

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपेक्षा मोठी नळी किंवा २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा असली की एअर पिस्तुलालाही परवाना लागतो. तुमचे आकडे धरून, अर्ध्या ग्रॅमचा छर्रा घेतला तर ४५ ची ऊर्जा ७ जूलच्या आसपास येते, ७५ ची ४ च्या. दोन्ही निवांत आत. पण ध्यानात ठेवा, ४५ हे ५.५ मिमीमध्येही निघतं. कोणी "हेच जरा दमदार आहे" म्हणून ते पुढं सरकवलं तर हात लावू नका, तो मामला परवान्याचा. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागेल, तो द्या आणि पक्की पावती पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा.

दोन्ही मॉडेलं लांबून खऱ्या पिस्तुलासारखी दिसतात. आमच्या जिल्ह्यात २०२५ मध्ये शस्त्र परवान्यांवरून किती धुरळा उडाला ते सगळ्यांनी पाहिलंय. कमरेला खोचून फटफटीवर फिरायचं नाही, व्हॉट्सॲपवर हातात घेऊन फोटो टाकायचा नाही. पेटीत बंद करून न्यायचं, पेटीत बंद करून आणायचं. आणि आखाड्यावरच्या पाखरांवर नेम नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा एअर पिस्तूल म्हणून सूट देत नाही.

काळी_माती (परभणी)

साहेब, आभार. पाखरांचा विषयच नाही, आमच्या आईनं पहिली तीच अट घातली.

एक विचारतो. गोठ्याची मागची भिंत दगडाची आहे. त्याला काय करावं?

नेम_नियम (लातूर)

दगडावर थेट अजिबात नको, छर्रा उलटा येतो. सुतळी पोत्यात जुन्या कापडाच्या चिंध्या ठासून भरा, मागं लाकडी फळी, त्याच्यामागं भिंत. कागदाचा मध्य जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर. छर्रे शिशाचे आणि सपाट तोंडाचे घ्या, कागदावर गोल भोक कापतात, टोकदार छर्रा कागद फाडतो. स्टीलचे गोल छर्रे, ज्यांना बीबी म्हणतात, ते या पिस्तुलांत घालायचेच नाहीत, नळीच्या आतले आटे खराब होतात. डोळ्यांवर चष्मा, आणि शिसं हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलायचा नाही. पोरं असतील तर हे दोनदा वाचा.

आणि बंधारा दादांची झाकणं त्या दगडी भिंतीपुढं टांगू नका.

ढालेगाव_बंधारा

झाकणं मी मातीच्या बांधापुढं टांगतो ताई, भिंतीपुढं नाही. आमच्या बांधात खडा सापडत नाही.

तरी माझं मत बदललं नाही. दहा वर्षांनी काय, असं विचारून बघा. स्प्रिंगला तेव्हाही कोणी ना कोणी कारागीर सापडेल.

सिद्धेश्वर_कॅनॉल (हिंगोली)

कारागिराला पिस्टनचं सील जमतं आणि ७५ चं जमत नाही, असं कुठं लिहिलंय? दोन्हीला सुटे भाग बाहेरूनच यायचे. पिस्तूल घेतानाच जास्तीचा सील संच मागून घ्यावा, वाद मिटला. कॅप्सुलचं मी मागं घेतो, मेमधलं पटलं.

काळी_माती (परभणी)

काल जिल्ह्याच्या गावी जाऊन दोन्ही हातात धरली. झाडून बघायला दिलं नाही, फक्त उचल-दाब करू दिली. ४५ उचलताना मजा आली, खोटं कशाला बोलू. ७५ मिटवताना गोदातीर म्हणतात तो शेवटचा जोर लागला, पण गुडघ्यावर टेकवलं तर जमतंय असं वाटलं.

मला कागदच भरायचाय, म्हणून ७५ कडं झुकलोय. सीलचा जास्तीचा संच सोबत मागितलाय, दुकानदार "बघतो" म्हणला.

गोदातीर (नांदेड)

गुडघ्यावर नको, नळीचं तोंड पायाकडं जातं. दोन्ही हात छातीपुढं, तोंड पोत्याकडं, घोड्याजवळ बोट नाही, आणि मनगटानं न दाबता कोपरानं दाबा. "बघतो" वर पैसे देऊ नका, संच हातात पडला की बिल.

ढालेगाव_बंधारा

घ्या ७५. पाथरीकडं आलात की घेऊन या, माझं ४५ आणि तुमचं ७५, दोघांनी दोन्हीवर वीस-वीस छर्रे मारू. कागद ताईंना पाठवू, पण कोणता कुठल्या पिस्तुलाचा ते सांगायचं नाही.

नेम_नियम (लातूर)

पाठवा. ४५ चा कोणता ते मी ओळखते.