दहावीची सूत्रं स्क्रीन रीडरला नीट वाचता यावीत म्हणून काय करू?

बीजगणितवाले_सर:
नमस्कार मंडळी. दहावीच्या बीजगणिताच्या नोट्स मी नेटवर टाकतो, सूत्रं वर्डमध्ये करून त्यांचे स्क्रीनशॉट लावलेत. वर्गातली एक मुलगी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरते, तिला सूत्राच्या जागी नुसतं 'ग्राफिक' ऐकू येतं. अल्ट टेक्स्टमध्ये (चित्राला जोडलेलं, स्क्रीन रीडर वाचतो ते वर्णन) सूत्र शब्दांत लिहिलं तर भागेल का? कोडिंग जेमतेम येतं, जरा सोप्यात सांगा.

कोडकरी:
टाका की अल्ट. नाहीतर सरळ टेक्स्टमध्ये लिहा, एक्सच्या वर्गासाठी सुप टॅग (आकडा वर चढवणारा एचटीएमएल कोड). विषय संपला.

कानाने_वाचतो:
एवढ्यात कुठला संपतोय! मी स्वतः एनव्हीडीएवाला. सुप टॅगमधला एक्सचा वर्ग मला डिफॉल्ट सेटिंगला 'एक्स टू' असाच ऐकू येतो, आता तो वर्ग की दुसरंच काही, हे मी कसं ओळखू. उणेसाठी साधा हायफन टाकलेला असला तर तो कधीकधी गिळलाच जातो, उणे बीचा बी झाला की गणित गेलं. छोट्या सूत्राला अल्ट चालेल सर, पण वर्गसमीकरणाचं घ्या: 'उणे बी अधिक-उणे वर्गमूळात बी वर्ग वजा चार ए सी भागिले दोन ए'. वर्गमूळ संपलं कुठे? दोन ए ने सगळ्याला भागायचं की शेवटच्या पदालाच? आणि अडलं की परत पहिल्यापासून ऐका. मॅथएमएल (वेबवर सूत्राची रचना लिहायची भाषा) आणि सोबत मॅथकॅट (ते सूत्र वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) असेल तर एनव्हीडीए-ऑल्ट-एम दाबून सूत्राच्या आत शिरता येतं, अपूर्णांकावर खालचा बाण दाबला की अंश, उजवा दाबला की छेद, हवं तिथे थांबायचं. ब्रेल डिस्प्ले असला तर नेमेथमध्येही (गणितासाठीची ब्रेल) येतं.

पायथनपंत:
सर, कोडिंग लागणारच नाही. सूत्रं वर्डच्या इक्वेशन एडिटरमध्ये केली असतील तर मूळ फाइल घ्या, पँडॉकने (एका फॉरमॅटची फाइल दुसऱ्यात बदलणारं सॉफ्टवेअर) एचटीएमएल करताना मॅथएमएलचा ऑप्शन द्या, झालं. क्रोममध्ये मॅथएमएल दिसत नाही असं जुन्या पोस्टींत वाचाल, ते सोडून द्या, जानेवारी २०२३ च्या व्हर्जन १०९ पासून दिसतं (स्टँडर्ड १९९८ चं, गुगलला जाग यायला एवढी वर्षं!). उद्या कोणी केटेक्स (वेबपेजवर सूत्रं दाखवणारी लायब्ररी) सुचवलं तर एक ध्यानात ठेवा, तिची सीएसएस (मांडणीची फाइल) जोडायची राहिली की सूत्र दोनदा दिसतं आणि लोक वैतागून आउटपुट फक्त एचटीएमएल करून टाकतात. तसं करू नका, ती दुसरी प्रत म्हणजेच मॅथएमएल, स्क्रीन रीडर तीच वाचतो. एचटीएमएलवाली त्याच्यापासून लपवलेली असते, त्यामुळे मग शुकशुकाट.

बीजगणितवाले_सर:
फाइली आहेत, इक्वेशन एडिटरमधल्याच. तिच्या फोनवर चालेल का पण?

कानाने_वाचतो:
आयफोनच्या व्हॉइसओव्हरला (त्यातला स्क्रीन रीडर) मॅथएमएल कळतं. अँड्रॉइडवर टॉकबॅकच्या भरवशावर राहू नका, लॅपटॉपच बरा. आणि सगळ्या नोट्स एकदम बदलत बसू नका, आधी वर्गसमीकरणाचा धडा करा आणि तिच्याकडूनच वाचून घ्या.