आतड्याच्या टप्प्यात ब्लँकच नमुन्याइतका येतोय. पॅनक्रिएटिनचं (स्वादुपिंडातल्या पाचक एन्झाइमांच्या पावडरीचं) गणित कुठे चुकतं?

प्रश्न : जठररस

वाटाण्याच्या प्रथिनाचं पचन इन्फोजेस्टच्या (प्रयोगशाळेत पचनाची नक्कल करण्याच्या प्रमाणित पद्धतीच्या) स्थिर प्रकाराने (२०१९ ची सुधारित आवृत्ती) करतोय. ५ ग्रॅम नमुना, त्यात प्रथिन ८ टक्के. जठराचा टप्पा पीएच ३ ला १२० मिनिटं, आतड्याचा पीएच ७ ला १२० मिनिटं, तापमान ३७ अंश. जठरापर्यंत आकडे व्यवस्थित येतात. पुढे मात्र गाडी अडते. ओपीए चाचणीत (सुटे झालेले अमिनो गट मोजणारी) विनाअन्न ब्लँकचं प्रकाशशोषण जवळजवळ नमुन्याइतकंच येतं. उघड्या बीकरमध्ये पीएच शेवटी ७.६ पर्यंत चढतो. टीसीए (प्रथिन खाली बसवणारं आम्ल) घातल्यावर ब्लँकमध्येही जाड, चिकट साका बसतो. पॅनक्रिएटिनच्या बाटलीवर ८ × यूएसपी (अमेरिकी औषधकोशाच्या मानकाच्या आठपट) लिहिलंय, त्यावरून वजन धरलंय. प्रक्रिया ५ मिलिमोलर पेफाब्लॉकने (एन्झाइम अडवणाऱ्या रसायनाने) थांबवतो. चूक नेमकी कुठे?

उत्तर १ : एन्झाइम_कट्टा

आधी बाटलीवरचा आकडा विसरा. यूएसपीचा प्रोटिएज (प्रथिन तोडण्याचा) आकडा केसीनवर, म्हणजे दुधातल्या प्रथिनावर मोजलेला असतो, तर या पद्धतीला ट्रिप्सिन या प्रथिन तोडणाऱ्या एन्झाइमची क्रियाशीलता टीएएमई या कृत्रिम पदार्थावर मोजलेली लागते : शेवटच्या मिश्रणात १०० युनिट प्रति मिली. एकातून दुसरा भरवशाने काढता येत नाही. बीएईई या दुसऱ्या कृत्रिम पदार्थावर मोजलेले युनिटही वेगळे. एका टीएएमई युनिटला ढोबळमानाने ५५ ते ६० बीएईई युनिट पडतात, त्यामुळे बीएईई युनिट टीएएमई समजून धरले तर पचन फारच कमी होईल. प्रत्येक लॉट स्वतः मोजा : १० मिलिमोलर टीएएमई, पीएच ८.१, २५ अंश, २४७ नॅनोमीटर, आणि फक्त सुरुवातीचा सरळ उतार धरा.

आता तुमच्याच मापांनी हिशेब. ५ ग्रॅम अन्न, ५ मिली लाळद्रव, १० मिली जठरद्रव, २० मिली आंत्रद्रव म्हणजे एकूण ४० मिली. ट्रिप्सिन लागेल ४००० युनिट. लॉट ६ युनिट प्रति मिग्रॅ निघाला तर पॅनक्रिएटिन झालं सुमारे ६६७ मिग्रॅ, आणि अन्नातलं प्रथिन आहे ४०० मिग्रॅ! पावडर सगळी प्रथिन नसते हे खरं, पण ब्लँक एवढा का फुगतो ते यातच आलं. जठरात २००० युनिट प्रति मिलीने ४०,००० युनिट पेप्सिन लागतं, ३००० युनिट प्रति मिग्रॅचं असेल तर जेमतेम १३ मिग्रॅ. म्हणून तिथे त्रास जाणवत नाही.

पॅनक्रिएटिन आंत्रद्रवात ढवळून अपकेंद्रित करा आणि वरचं द्रव वापरा. क्रियाशीलता त्याच वरच्या द्रवाची मोजायची, पावडरची नव्हे. ५ मिलीत ८०० युनिट प्रति मिली बसायला हवं. बर्फावर ठेवा, लगेच वापरा. ट्रिप्सिन स्वतःलाच कापतं, आदल्या दिवशीचं द्रावण काही कामाचं नाही.

उत्तर २ : बफरवाला

पीएच चढतोय तो पचनामुळे नाही. पीएच ७ ला पेप्टाइड बंध तुटले की प्रोटॉन सुटतात, पीएच उतरायला हवा. आंत्रद्रवात ८५ मिलिमोलर बायकार्बोनेट असतं, उघड्या बीकरमधून कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच वर जातो. घट्ट झाकणाची नळी घ्या, वर मोकळी जागा कमीत कमी ठेवा. पीएच-स्टॅट (पीएच आपोआप स्थिर ठेवणारं यंत्र) किंवा उघडं भांडंच वापरायचं असेल तर बायकार्बोनेटऐवजी तेवढ्याच मोलर प्रमाणात मीठ घाला.

कॅल्शियम क्लोराइड साठ्याच्या द्रावणात कधीच मिसळू नका, कार्बोनेट खाली बसतं. प्रयोगाच्या वेळी ०.३ मोलर द्रावणाचे ४० मायक्रोलिटर घाला. आणि पीएच ३ वरून ७ वर जाताना वाटाण्याची ग्लोब्युलिनं (त्यातली मुख्य प्रथिनं) साधारण ४.५ च्या आसपास गोळा होतात. सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब, ढवळत घाला. किती लागतं ते एन्झाइमशिवायच्या चाचणी-नळीत आधीच ठरवून ठेवा.

उत्तर ३ : पेप्टाइड_नकाशा

चिकट साका म्हणजे प्रथिन असेलच असं नाही. आतड्याच्या टप्प्यात घातलेल्या १० मिलिमोलर पित्तक्षारांतले ग्लायसिन-जोडलेले आम्लात विरघळत नाहीत, टीसीए पडताच खाली येतात. साक्यात जलविरोधी पेप्टाइडही अडकतात. १० किलोडाल्टन गाळणी हा पर्याय आहे, पण मिसेलला (पित्तक्षारांच्या सूक्ष्म गोळ्यांना) चिकटलेले पेप्टाइड तीही अडवते. मी दोन्ही पद्धतींच्या आकड्यांकडे जरा संशयानेच बघतो. ब्रॅडफर्ड (रंगावरून प्रथिन मोजणारी चाचणी) मात्र इथे नकोच, पित्तक्षार त्यात ढवळाढवळ करतात.

पेफाब्लॉकबद्दल कुणी बोललं नाही. त्याच्या रेणूवर प्राथमिक अमाइन आहे, म्हणजे ओपीएला ते दिसतं. तुमचं प्रथिन १० मिग्रॅ प्रति मिली. सोयासाठी वापरतात तो ७.८ मिलिमोल प्रति ग्रॅम बंधांचा आकडा धरला तर एकूण बंध ७८ मिलिमोलर. पेफाब्लॉकचे ५ मिलिमोलर म्हणजे सरळ ६ टक्के खोटं पचन! शून्य मिनिटाच्या नमुन्यात आणि ब्लँकमध्ये तेवढंच घातलं तर वजाबाकीत निघून जातं. फक्त ओपीए करायची असेल तर ९५ अंशांवर ५ मिनिटं गरम करून थांबवलेलं बरं. शिवाय पेफाब्लॉक सेरीन प्रोटिएजच (ट्रिप्सिनच्या जातीची एन्झाइमं) अडवतो, पॅनक्रिएटिनमधली कार्बोक्सिपेप्टिडेजं (पेप्टाइडच्या टोकाकडून अमिनो आम्लं तोडणारी) चालूच राहतात.

जठररस

लॉट मोजून घेतो. पण ब्लँक एवढा मोठा असताना वजाबाकीवर विसंबायचं का?

एन्झाइम_कट्टा

पूर्ण नाही. अन्न नसलं की एन्झाइम एकमेकांनाच जास्त खातात. त्यामुळे ब्लँक फुगतो आणि वजाबाकीनंतर पचन कमी दिसतं. ब्लँकमध्ये निदान प्रथिनरहित, तशाच घट्टपणाचं काहीतरी घाला. नाहीतर पॅनक्रिएटिन सोडून सुटी एन्झाइमं घ्या : ट्रिप्सिन १००, कायमोट्रिप्सिन २५ युनिट प्रति मिली. महाग पडतात, पण पार्श्वभूमी बरीच खाली येते. दर वेळेच्या बिंदूला स्वतंत्र नळी ठेवा. एकाच भांड्यातून गुठळ्यांचं मिश्रण पिपेटने काढलं तर प्रत्येक वेळी वेगळाच नमुना हाती येतो.

पेप्टाइड_नकाशा

मास स्पेक्ट्रोमेट्री उपलब्ध असेल तर सोपं आहे : पॅनक्रिएटिन डुकराचं, प्रथिन वाटाण्याचं, अनुक्रमावरून वेगळं करता येतं. एक लक्षात असू द्या, इथे आतड्याच्या अस्तरावरची पेप्टिडेजं नाहीत. शेवटी मुख्यतः लहानमोठे पेप्टाइडच उरणार. सुटी अमिनो आम्लं कमी दिसली म्हणून प्रथिन पचत नाही असा निष्कर्ष काढू नका.