शाळेत जावंसं वाटतं का? मुलं, शिक्षक, पालक, सगळ्यांनीच लिहा

खडूधूळ
परवा स्टाफरूममध्ये विषय निघाला की हल्ली पोरं शाळेत रमत नाहीत, आणि बोलणारे आम्ही सगळे तोंडं पाडून बसलेलो, कोणी पोर्टलवर माहिती भरतंय, कोणी खिचडीच्या तांदळाचा हिशेब जुळवतंय. मी म्हटलं, आपण तरी कुठे रमतोय? सगळे हसले खरे पण माझ्या डोक्यात तेव्हापासून तेच घोळतंय. शाळेचं वातावरण कसं असावं यावर ट्रेनिंगं भरपूर झाली, चहा-बिस्किटं खाऊन झाली, ते इथे नको. तुमच्या शाळेत कोणी नेमकं काय केलं आणि त्याने काय सुधारलं किंवा बिघडलं तेवढं लिहा. शाळेची, माणसांची नावं मात्र टाकू नका.

माझ्यापासून सुरुवात. आमच्याकडे प्रार्थना सुरू झाली की गेट बंद, उशिरा येणारे बाहेर उभे, परिपाठ संपला की वहीत नाव आणि मैदानाला दोन फेऱ्या. सहावीतला एक मुलगा त्या वहीत पानोपानी होता. नवीन मोठ्या बाई आल्या आणि आठवडाभर स्वतः गेटवर उभ्या राहिल्या, प्रत्येकाला एकच प्रश्न, "आज काय झालं रे?" तर याच्या वस्तीत पाणी येतं साडेनऊला, आई तोवर कामाला गेलेली असते, पाणी भरून, धाकटीला अंगणवाडीत सोडून हा पळत येतो. बाईंनी वही कपाटात टाकली, आता उशिरा आलेलं पोर गुपचूप येऊन परिपाठात मागे बसतं. त्याला उशीर आजही होतोच हां. पण आधी तो गेट बंद दिसलं की मागच्या मागे घरी जायचा, ते थांबलं.

बालाघाटी
बीड जिल्हा, झेडपी शाळा. आमच्याकडे दिवाळी झाली की निम्मा वर्ग ऊसतोडीला. हंगामी वसतिगृह आहे, काही पोरं आजीजवळ राहतात, तरी बरीच आईबापाबरोबर फडावर जातातच, कारण तान्ह्याला सांभाळायला कोण? पाडव्याच्या आसपास परत आली की आम्ही म्हणायचो, "या पाहुणे!" मीच म्हणायचो, गंमत म्हणून. चौथीतली एक मुलगी त्या शब्दाने अशी काही गप्प झाली की आठ दिवस तोंड उघडलं नाही, तेव्हा माझी ट्यूब पेटली.

मग पुढच्या हंगामात दर शनिवारी मुकादमाच्या फोनवर फोन लावायला लागलो, स्पीकर ऑन करून आख्खा वर्ग भोवती. मी आपला पाढे विचारायच्या तयारीत. तर तिकडून तिचा पहिला प्रश्न, "सर, माझ्या जागेवर कोण बसतंय?" आता काय सांगता! बसत होती एक. ती पोरगी तिथल्या तिथे उठून शेजारी सरकली आणि फोनमध्ये ओरडली, "कोणी नाही गं!" तेव्हापासून गेलेल्यांच्या जागा आम्ही रिकाम्या ठेवतो, पट्टीवर खडूने नाव. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, ही मुलं गैरहजर दाखवलीत का? म्हटलं गावाला गेलीत, येणारेत.

कालची_बाई
मी 2019 ला शिक्षणसेवक म्हणून लागले, म्हणजे पहिली तीन वर्षं पगार नाही, नुसतं मानधन, महिना 6 हजार, त्यात खोलीचं भाडं आणि वडापचे पैसे (2023 पासून प्राथमिकला 16 हजार झालंय, तोवर माझी तीन वर्षं उलटून गेली होती). पैशाचं एकवेळ सहन केलं. पण एकदा तपासणीला आलेल्यांनी दुसरीच्या वर्गात, पोरांसमोर, टाचण वहीवरून (रोज काय शिकवणार ते लिहायची वही) मला वीस मिनिटं झापलं. हेडसर शेजारी मान खाली घालून उभे. ते गेल्यावर एक चिमुरडी टेबलाजवळ आली नि म्हणाली, "बाई, तुमचा गृहपाठ राहिला होता का?" मी हसले, मग फळ्याकडे तोंड करून रडले. आणि खरं सांगते, त्या दिवशी दुपारी मी एका पोराला विनाकारण ओरडले.

आताच्या शाळेत सरांनी साधा रिवाज घातलाय, कोणीही आलं तरी आधी ऑफिसात चहा, मग वर्ग, आणि चुका असतील त्या परत ऑफिसात, दार लावून. चुका तेवढ्याच निघतात, पण वर्गात जाताना पोटात गोळा येत नाही.

निवृत्त_गुरुजी
31 वर्षं शिकवलं. छडी वापरली, लपवत नाही, 68 पोरांचा वर्ग आणि एकटा माणूस. 2009 चा शिक्षण हक्क कायदा आला, त्यातल्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी घातली. आम्ही पहिला भाग तेवढा वाचला. छडी खाली ठेवली आणि जीभ उचलली. गेल्या वर्षी बाजारात जुना विद्यार्थी भेटला, पाया पडला, मला वाटलं मार आठवत असेल. म्हणाला, "गुरुजी, मारलेलं काही आठवत नाही, पण तुम्ही भर वर्गात म्हणाला होता, तुझ्या बापाला तरी सही येते का. त्यांना येत नव्हती." भाजीची पिशवी हातात, काय बोलणार?
त्याच कायद्याचं कलम 27 मात्र आम्हाला तोंडपाठ, जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून शिक्षकाला दुसरी अशैक्षणिक कामं नकोत म्हणून. सोयीचं तेवढं पाठ होतं.

शनिवारचा_बळी
2024 पासून आनंददायी शनिवार आलाय, दप्तर नाही, खेळ, गाणी. पोरं खूश. आम्हाला त्याचे फोटो काढून अपलोड करायचे असतात, त्यामुळे आनंद झाला की नाही ते नेट आल्यावर कळतं.

दोन_वेण्या
मी पालक, शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. आमच्या शाळेत तक्रारपेटी होती, गंजलेली, किल्ली कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नाही. शेवटी कुलूप तोडलं. आत चॉकलेटचे कागद, एक मेलेली पाल, आणि चिठ्ठ्या. "गणिताच्या बाईंनी कधीतरी हसावं." एकात कोणीतरी कोणाला बदाम काढून दिलेला. आणि वेगवेगळ्या अक्षरांत सात चिठ्ठ्या, एकाच विषयाच्या: मुलींच्या संडासाला आतून कडी नाही.
माझी लेक सातवीत. रोज पाण्याची बाटली भरलेलीच परत आणायची, मी घरी तिच्यावरच चिडायचे. चिठ्ठ्यांवरच्या तारखा बघितल्या, सर्वात जुनी दीड वर्षांपूर्वीची. त्याच दिवशी हार्डवेअरमधून कडी आणली, साठ रुपये, शाळेच्या शिपाईकाकांनी बसवली. आता दर शुक्रवारी पेटी उघडतो, मी, एक बाई आणि दोन मुली. परवा एक चिठ्ठी निघाली, मोठ्या माणसाचं अक्षर, "स्टाफचा पंखा पण बघा."

खडूधूळ
दोन_वेण्या, पंखा बघितलात की नाही? :) आणि आमच्याकडे बहुतेक कडी बाहेरून आहे, आतून नाही. उद्या जाऊन बघते.

दोन_वेण्या
पंखा झाला. बाहेरची कडी काढूनच टाका, पोरी एकमेकींना कोंडतात.