छत आणि हवेचं सस्पेन्शन आधी बघा

तुम्ही विचारलंय की १९५७ ची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोअम ही अमेरिकी आलिशान गाडी पूर्ण रिस्टोअर करून विकायला आहे, घ्यावी का. वरच्या प्रतिसादात 'एअर सस्पेन्शन काढून कॉइल स्प्रिंग बसवलेत, म्हणजे गाडी बाद' असं म्हटलंय. (एअर सस्पेन्शन म्हणजे चाकांवर गाडी स्प्रिंगांऐवजी दाबलेल्या हवेवर तोलून धरणारी रचना.) मला ते पटत नाही. हवा गळून गाडी एका कोपऱ्यात बसायची, म्हणून कित्येक मालकांनी त्या काळातच स्प्रिंगा बसवून घेतल्या. काढलेले भाग जपून ठेवलेत का, एवढं मात्र जरूर विचारा. हवेचंच सस्पेन्शन असेल तर संध्याकाळी चारही चाकांपाशी उंची मोजा आणि सकाळी परत मोजा.

माझा जीव खरा अडकतो तो छतावर. ते ब्रश फिरवल्यासारख्या पोताचं स्टेनलेस स्टील आहे, त्यामुळे पोचा आला तर पुट्टी आणि रंगाखाली लपवता येत नाही. उन्हात तिरकं उभं राहून बघा.

दारांच्या मध्ये खांब नाही, मागचं दार उलट्या बाजूने उघडतं. दोन्ही दारं हळूच लावून पाहा, फट खालपासून वरपर्यंत सारखी हवी.

आणि हो, ग्लोव्ह बॉक्समधले लोहचुंबकाने चिकटणारे पेले, अत्तराची बाटली, आरसा! १३,०७४ डॉलरच्या त्या गाडीबरोबर हे सगळं मिळायचं. दोन वर्षांत जेमतेम ७०४ गाड्या झाल्या, तेव्हा हरवलेला एक पेला शोधतानाही दमछाक होते. हे सामान जागेवर असेल तर मी दोन पैसे जास्त आनंदाने देईन.