धुऱ्याच्या भांडणात हात मोडला तरी एनसीच? मारहाणीची कलमं ठरतात कशी

धुरेकरी (यवतमाळ जिल्हा)
धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) दोन वावरवाल्यांत भांडण झालं. एकाने बंडीची उभारी (बैलगाडीचा उभा लाकडी दांडा) हाणली, वरून 'जिता सोडत नाही' म्हणून धमकी दिली. त्याच रात्री ठाण्यात ११५(२) (साधी दुखापत), ३५२ (अपमान) आणि ३५१(२) (धमकी) खाली एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद झाली. तिसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे काढला तर मनगटाच्या वरचं हाड मोडलेलं निघालं. गावात कोणी म्हणते ३२६ लागते, कोणी म्हणते ३०७च लावा. खरं कलम कोणतं, आणि मार खाणाऱ्याने आता करायचं काय?

वकील_पुसद
भाऊ, ३२६ आणि ३०७ हे जुन्या दंडसंहितेचे आकडे. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहिता लागते. जुनं ३२३ (साधी दुखापत) आता ११५(२), ३२५ (गंभीर दुखापत) आता ११७(२), ३२४ (हत्याराने साधी दुखापत) आता ११८(१), ३२६ (हत्याराने गंभीर दुखापत) आता ११८(२) आणि ३०७ (खुनाचा प्रयत्न) आता १०९.

ठाण्यात लावलेली तिन्ही कलमं अदखलपात्र आहेत. त्यांत मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, म्हणून एनसी झाली. त्या रात्री फक्त सूज दिसत होती, तेव्हा ती नोंद चुकीची म्हणता येणार नाही. पण हाड मोडलं की दुखापत 'गंभीर' होते. संहितेच्या ११६ मध्ये गंभीर दुखापतीचे प्रकार ठरवून दिले आहेत: डोळा किंवा कान कायमचा जाणे, अवयव किंवा सांधा निकामी होणे, डोकं-चेहरा कायमचा विद्रूप होणे, हाड किंवा दात मोडणे वा निखळणे, जिवाला धोका होणे, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना राहणे अथवा रोजचं काम न करता येणे. जुन्या कायद्यात हे दिवस वीस होते. नुसतं पंधरा दिवस दवाखान्यात भरती राहिल्याने भागत नाही. वेदना किंवा कामाची अडचण कागदावर दिसावी लागते. डोक्याला सहा टाके पडले तरी कवटी शाबूत असेल आणि जिवाला धोका नसेल, तर ती बहुतेक वेळा साधीच दुखापत धरली जाते. लोकांना हे पटत नाही, पण दात तुटला तर मात्र गंभीर.

म्हणजे इथे किमान ११७(२) येते. शिक्षा सात वर्षांपर्यंत, दखलपात्र (पोलीस स्वतःहून तपास करू शकतात), पण जामीनपात्र. आणि एका प्रकरणात एक जरी कलम दखलपात्र असलं, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याची पद्धत सांगणारा कायदा) १७४(४) प्रमाणे सगळं प्रकरणच दखलपात्र धरतात. एनसीवर थांबायचं कारण उरत नाही.

ठाणे_अंमलदार_निवृत्त
वकीलसाहेबांनी कलम सांगितलं, मी कागदाचं सांगतो, कारण केस तिथेच मरते.

बाह्यरुग्ण विभागाची चिठ्ठी म्हणजे जखम प्रमाणपत्र नाही. ठाण्यातून मेडिकलचं पत्र घेऊनच डॉक्टरांकडे जा. प्रमाणपत्रात जखमेची जागा, लांबी-रुंदी, किती तासांपूर्वीची, बोथट वस्तूची की धारदार, आणि साधी की गंभीर, एवढं असावंच लागतं. पहिल्या रात्री डॉक्टर 'मत एक्स-रेनंतर' असं लिहितात. ते मत नंतर आणायला कोणी जातच नाही! प्लेट, तिचा रिपोर्ट आणि अंतिम मत हे तिन्ही तपासी अंमलदाराच्या हाती पोचलं पाहिजे.

मग ठाणेदारांच्या नावे अर्ज: एनसीचा नंबर, एक्स-रेची तारीख, 'पुरवणी जबाब घेऊन ११७(२) प्रमाणे गुन्हा नोंदवावा'. दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घ्या. एफआयआर झाली की प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे. नोंद नाकारली तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने, आणि तिथूनही काही झालं नाही तर शपथपत्रासह मॅजिस्ट्रेटकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या १७५(३) खाली.

एक गोष्ट तळमळीने सांगतो. जबाबात जे घडलं तेच लिहा. उभारी होती तर कुऱ्हाड लिहू नका. डॉक्टर 'बोथट वस्तू' लिहितात, जबाबात 'कुऱ्हाडीचं पातं' असतं, आणि उलटतपासणीत खरा मारही खोटा ठरतो.

धुरेकरी
मग उभारी हत्यार धरत नाही का? आणि 'जिता सोडत नाही' म्हटल्यावर १०९ का नाही?

वकील_पुसद
११८ मध्ये भोसकायचं, कापायचं, गोळी झाडायचं हत्यार येते, शिवाय ज्या वस्तूने मारल्यास मृत्यू होण्याचा संभव असतो अशी कोणतीही वस्तू. तेव्हा उभारीची जाडी, लांबी, वजन आणि वार कुठे झाला यावर सगळं अवलंबून. म्हणून घटनास्थळ पंचनाम्यात आणि जप्तीत तिचं माप यायला हवं. बसलं तर ११८(२): किमान एक वर्ष, जास्तीत जास्त जन्मठेप, अजामीनपात्र. कुऱ्हाडीतही पात्याने मारलं की तुंब्याने (मागच्या बोथट बाजूने), हा फरक जखमेवरच दिसतो.

१०९ ला जखम गंभीर हवीच असं नाही, कधी जखम नसली तरी ते लागते. हवा असतो मारून टाकण्याचा हेतू, किंवा या कृत्याने माणूस मरू शकतो याची कायद्याने सांगितलेली जाणीव. डोक्यावर किंवा मानेवर वारंवार वार, मध्ये पडलेल्यांनी अडवलं म्हणून वाचला, अशा गोष्टींवरून तो दिसतो. मनगटावर एक फटका आणि रागातलं वाक्य एवढ्यावर न्यायालयात तो टिकणं कठीण. ठार मारण्याच्या धमकीसाठी ३५१(३) वेगळं आहे, सात वर्षांपर्यंत.

समोरचाही तक्रार देणारच. दोन्हीकडच्या नोंदी होतात. त्यात खाजगी बचावाचा मुद्दा कोणाचा खरा, ते न्यायालय पाहते. गावच्या तंटामुक्त समितीत समझोता झाला तरी १०९ आणि ११८(२) मध्ये कायद्याने तडजोड नाही. ११५(२) मध्ये मार खाणारा स्वतः तडजोड करू शकतो.

कपास_वाशिम
चोरीतही असाच फरक आहे, हे जोडतो. वावरातून मोटारीची केबल गेली तर ३०३(२). माल पाच हजारांपेक्षा कमी असेल तर ती चोरी आता अदखलपात्र आहे, म्हणून पावती जपून ठेवा आणि तक्रारीत किंमत लिहा. माल ठेवायच्या बंद खोलीतून नेलं तर ३०५, सात वर्षांपर्यंत. केबल नेताना रखवालदाराला मारलं किंवा धाक दाखवला की जबरी चोरी, ३०९. पाच किंवा जास्त लोकांनी मिळून तेच केलं तर दरोडा, ३१०.

ठाणे_अंमलदार_निवृत्त
बरोबर. आणि धुरेकरी भाऊ, धुरा कोणाचा हे एफआयआरने ठरणार नाही. त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज वेगळा करावा लागेल.