मदत हवी आहे: आईच्या विसरण्यासाठी फंक्शनल एमआरआय करावा का?

आई 74 वर्षांची. दिवाळीपासून तोच प्रश्न तीनतीनदा विचारते, परवा तर कुकरला शिट्टी लावायचीच विसरली. (लग्नात कुणी काय आहेर केला होता ते मात्र तोंडपाठ!) बी12, थायरॉइड ठीक आहे. साधा एमआरआयही वयाच्या मानाने बरा आला.

आता भाचा म्हणतो, फंक्शनल एमआरआय करा, मेंदूच्या भागांमधली जोडणी कळते. थोडं वाचलं. आपण नुसते स्वस्थ बसलेलो असताना मेंदूचे जे भाग एका तालात चालतात, त्या 'डिफॉल्ट मोड नेटवर्क'मधली जोडणी अल्झायमरमध्ये सैल पडते म्हणे. पण हे निष्कर्ष बहुतेक गटांच्या सरासरीचे. एकट्या आईबद्दल त्यावरून काय ठरणार? मला तरी हा खर्च पटत नाही.

त्यापेक्षा तिचं कमी ऐकू येणं जास्त खुपतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढवणारे, पण बदलता येण्याजोगे 14 घटक सांगितले, त्यात हेही आहे. मशीन आणलंय, ते डबीतच. "कानात भुंगा शिरल्यासारखं होतं" म्हणते.

पुण्यात कुणी आईवडिलांना मेमरी क्लिनिकमध्ये नेलंय का? चाचणी मराठीतून घेतात का? आणि कानाच्या मशीनची सवय कशी लावलीत?