टेक्सासचा अभिमान, कॅलिफोर्नियाची धास्ती : अमेरिकी राज्यांमधील हे चिमटे कितपत गंभीरपणे घ्यावेत?

डॅलसनिवासी (धागाकर्ते)

नोकरीनिमित्त आम्ही अलीकडेच न्यू जर्सीतील एडिसनहून डॅलसच्या उत्तरेकडील फ्रिस्को या उपनगरात राहायला आलो. सामानाचा ट्रक दारात उभा असतानाच शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "कॅलिफोर्नियाहून तर आला नाहीत ना?" न्यू जर्सी म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला आणि लगोलग "कोणत्या एक्झिटचे?" हा, घराचा ठावठिकाणा महामार्गावरून बाहेर पडायच्या फाट्याने सांगण्याच्या तिथल्या सवयीवरचा, ठरलेला विनोदही झाला. मुलीच्या शाळेत रोज सकाळी राष्ट्रध्वजाच्या प्रतिज्ञेपाठोपाठ टेक्सासच्या ध्वजाचीही प्रतिज्ञा म्हटली जाते आणि रस्त्यावर 'टेक्सासचा कॅलिफोर्निया करू नका' अशा अर्थाचे स्टिकर लावलेल्या गाड्या दिसतात. पुण्या-मुंबईची शेरेबाजी ऐकत वाढलेल्यांना हे नवे नाही. तरीही जिथे नोकरी बदलली की माणसे सहज राज्य बदलतात, तिथे राज्याचा एवढा अभिमान आणि इतरांविषयी एवढे पक्के ग्रह कोठून येतात? ही निव्वळ थट्टा समजावी, की तिच्यामागे खरी अढी असते?

कोलंबसवासी

टेक्सासपुरते उत्तर इतिहासात आहे. १८३६ ते १८४५ या काळात ते स्वतंत्र प्रजासत्ताक होते आणि ही गोष्ट तिथला माणूस तुम्हाला विसरू देत नाही. पण एवढा इतिहास नसतानाही अढी कशी टिकते, हे पाहायचे असेल तर आमच्या ओहायोत या. १८३५ मध्ये टोलेडो आणि त्याच्या आसपासच्या चिंचोळ्या पट्ट्यावरून ओहायो आणि मिशिगन यांनी एकमेकांसमोर सशस्त्र दले उभी केली होती. रक्त सांडले ते एका कनिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचे, आणि तेही चाकूच्या किरकोळ वाराने. टोलेडो ओहायोला मिळाले. मिशिगनच्या पदरात भरपाई म्हणून उत्तरेकडचा द्वीपकल्प पडला. त्या वेळी तो निरुपयोगी रानटी मुलूख वाटला होता, पुढे तिथे तांबे आणि लोखंड निघाले. आज हा तंटा कोणाच्या खिजगणतीत नाही, मात्र दोन्हीकडच्या विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातील पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम' अक्षरावर लाल पट्टीची फुली मारलेली दिसते. मी याला थट्टाच म्हणेन, कारण सामना संपला की हीच माणसे मिशिगनच्या सरोवरांवर सुट्टी घालवायला जातात.

मुक्ताई

कोलंबसवासी यांचे उदाहरण गोड आहे, परंतु ते अशा जागेचे आहे जिथे आता कोणाचेच काही पणाला लागलेले नाही. बाहेरून माणसे येऊ लागली आणि त्यांच्यामुळे मजुरी घटेल किंवा घरे महागतील असे वाटू लागले, की चिमट्याचा चावा होतो.

१९३० च्या दशकात दुष्काळ, धुळीची वादळे आणि मंदी यांनी नागवलेली कुटुंबे ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा आणि मिसूरीतून कॅलिफोर्नियात आली, तेव्हा तिथल्या लोकांनी त्या सगळ्यांना सरसकट 'ओकी' ठरवले. आळशी, घाणेरडे, सरकारी मदतीवर डोळा ठेवून आलेले, असा त्या शब्दाचा अर्थ होता. १९३६ मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख जेम्स डेव्हिस यांनी शहरापासून शेकडो मैल दूर, थेट राज्याच्या सीमांवर आपले शंभरावर पोलीस पाठवून गरीब दिसणाऱ्यांना परत धाडायला सुरुवात केली होती. निर्धन परप्रांतीयाला राज्यात आणणे हा कॅलिफोर्नियात कायद्याने गुन्हाही होता. फ्रेड एडवर्ड्स नावाच्या कॅलिफोर्नियातील गृहस्थाने आपल्या बेरोजगार मेव्हण्याला गाडीत बसवून घरी आणले, एवढ्यावरून त्याला दोषी ठरवण्यात आले. अखेर १९४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द केला. धागाकर्त्यांना मौज वाटेल, तो मेव्हणा टेक्सासचा होता!

टेक्सासला आज वाटणारी धास्ती उलट दिशेची आहे. कॅलिफोर्नियातले घर विकून आलेला माणूस हातात भरपूर रोकड घेऊन येतो, स्थानिकांपेक्षा चढी बोली लावतो आणि किमती वाढवतो. ओरेगनवाल्यांनी ही तक्रार फार आधी केली. तिथले गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनी १९७१ मध्येच पाहुण्यांना सुनावले होते की वारंवार भेटीला या, मात्र राहायला येऊ नका. तेव्हा तुमच्या शेजाऱ्यांच्या पहिल्या प्रश्नात थट्टा किती आणि काळजी किती, हे त्यांनी घर कधी घेतले यावर अवलंबून असावे.

तिरकस

मुक्ताईंशी बराचसा सहमत आहे, पण सगळेच ग्रह आर्थिक नसतात. काही निव्वळ दिसण्यातून होतात. न्यू जर्सी टर्नपाइक या टोल महामार्गावरून जाणाऱ्याला लिंडनचे तेलशुद्धीकरण कारखाने दिसतात, दक्षिणेकडची ब्लूबेरीची शेते दिसत नाहीत. मग नंबरप्लेटवर कितीही 'गार्डन स्टेट' (बागांचे राज्य) लिहा! फ्लोरिडाचेही तसेच. तिथल्या कायद्यामुळे अटकेची कागदपत्रे पत्रकारांच्या हाती सहज पडतात आणि दोन कोटींहून अधिक वस्तीच्या राज्यात विक्षिप्त बातम्यांचा तुटवडा नसतो. त्यातून अशा बातम्यांच्या मथळ्यांत झळकणारा, थट्टेचा विषय झालेला 'फ्लोरिडा मॅन' जन्माला आला.

अभिमान सरकारी खर्चानेही वाढवता येतो. टेक्सासच्या वाटेला जाऊ नका, या अर्थाची जी घोषणा टी-शर्टांवर मिरवली जाते, ती मुळात १९८० च्या दशकात महामार्ग विभागाने कचरा फेकणाऱ्यांसाठी बनवून घेतली होती. पिकअपमधून बिअरचे डबे भिरकावणारी तरुण मुले उपदेशाला जुमानणार नाहीत, पण राज्याच्या इभ्रतीला जागतील, हा त्यामागचा हिशेब होता.

डॅलसनिवासी

सविस्तर प्रतिसादांबद्दल सर्वांचे आभार. मुक्ताई, शेजाऱ्यांनी त्यांचे घर तीन वर्षांपूर्वी घेतले आहे आणि ते स्वतः मूळचे इलिनॉयचे आहेत, असे काल कळले.

मुक्ताई

मग ते आपल्याहून कट्टर टेक्सन निघतील, याची तयारी ठेवा. गाडीची न्यू जर्सीची पाटी बदलायला ३० दिवसांची मुदत असते, ती चुकवू नका. शेजाऱ्यांशी गप्पा मारायच्या असतील, तर घराच्या करमूल्यांकनाविरुद्ध हरकत कशी नोंदवायची ते त्यांना विचारा. इथे राज्याचा आयकर नाही, पण मालमत्ता कर जबर आहे, आणि वसंत ऋतूत त्या विषयावर कॅलिफोर्नियाकरांसह सारी गल्ली एकदिलाने बोलते.